फॉस्फरस कमी आहे, पण कोणाला?

आमच्या क्षेत्रातल्या पेपरांमध्ये एक वाक्य इतक्या वेळा येतं की वाचताना डोळे त्यावरून नुसते घसरतात. "पूर्व भूमध्य समुद्र फॉस्फरस-लिमिटेड आहे." आणि त्यापुढे संदर्भ: थिंगस्टाड आणि सहकारी, २००५. पहिल्या वर्षाच्या रिपोर्टमध्ये मीही हे वाक्य याच संदर्भासकट लिहिलं होतं. प्रेझेंटेशनला कमिटीतल्या एका मॅडमनी विचारलं, "लिमिटेड कोणासाठी?" मी म्हटलं, "समुद्रासाठी." त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "समुद्र काही खात नाही," एवढंच म्हणाल्या आणि पुढची स्लाईड दाखवायला सांगितलं.

त्या रात्री तो पेपर मी पहिल्यांदा नीट वाचला. (तोवर फक्त सारांश वाचला होता. कबूल करायला लाज वाटते, पण तुमच्यापैकी जे पीएचडी करताय ते समजून घेतील.) 'सायन्स'मधला, चार पानांचा. नंतर तो अनेकदा वाचला, आणि आज त्याबद्दलच लिहितेय. पेपर मला फार आवडतो. तरी काही ठिकाणी माझं त्याच्याशी पटत नाही, आणि लोक तो ज्या तऱ्हेने वापरतात त्याच्याशी तर अजिबातच पटत नाही.

आधी थोडी तयारी. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी खुशाल पुढे जावं.

शाळेच्या पुस्तकात जीवाणूंना एकच काम दिलेलं असतं: मेलेलं कुजवायचं आणि त्यातली पोषकद्रव्यं परत सोडायची. वनस्पती स्वयंपाक करणार, प्राणी जेवणार, जीवाणू भांडी घासणार. समुद्राबद्दलही बराच काळ असंच मानलं जायचं. १९७४ मध्ये लॉरेन्स पॉमरॉय यांनी एका लेखात या चित्राला हात घातला. १९८३ मध्ये फारूक आझम आणि पाच सहकाऱ्यांनी 'मायक्रोबियल लूप' हे नाव देऊन चित्र नव्याने मांडलं. शेवाळांच्या पेशींमधून विरघळलेला सेंद्रिय कार्बन पाण्यात गळतो, तो जीवाणू खातात, जीवाणूंना अगदी छोटे एकपेशीय भक्षक खातात, त्यांना त्याहून मोठे. म्हणजे पाण्यात गळून वाया गेला असं वाटणारा कार्बन वळसा घेऊन अन्नसाखळीत परत येतो. त्या सहा लेखकांमधला एक होता नॉर्वेचा फ्रेडे थिंगस्टाड. नाव लक्षात ठेवा, पुढे तोच येणार आहे.

पण नुसत्या कार्बनवर जीवाणूचं भागत नाही. त्याला नायट्रोजन लागतो, फॉस्फरस लागतो, लोह लागतं. समुद्री प्लवकांमध्ये कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं सरासरी प्रमाण १०६:१६:१ असतं, याला रेडफिल्ड प्रमाण म्हणतात. जीवाणूंची गोष्ट जरा वेगळी आहे. खाऊनपिऊन सुखी असलेल्या जीवाणूत फॉस्फरसच्या एका अणूमागे कार्बनचे साधारण पन्नासच अणू सापडतात. एवढ्याशा पेशीत डीएनए आणि रायबोसोम यांचा वाटा मोठा, आणि या दोन्हींत फॉस्फरस ठासून भरलेला. म्हणून जीवाणू जे खातो त्यातून त्याला पुरेसा फॉस्फरस मिळाला नाही, तर तो पाण्यातला मोकळा फॉस्फेट उचलायला लागतो. म्हणजेच शेवाळाच्या ताटातला घास पळवतो. त्यात त्याचा आकार मिलीमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा. शरीराच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे फारच विरळ पाण्यातून रेणू टिपण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. भांडी घासणारा हा गडी पंगतीत सगळ्यात आधी बसलेला असू शकतो, हे शाळेच्या पुस्तकात आलेलं नाही.

आता भूमध्य समुद्र. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं वरवरचं पाणी आत येतं, ज्यात पोषकद्रव्यं आधीच कमी. आत आल्यावर बाष्पीभवनाने ते खारट आणि जड होतं, खाली बसतं आणि खालच्या थरातून परत बाहेर जातं. जाताना खोल पाण्यात साठलेली पोषकद्रव्यंही घेऊन जातं. उत्पन्न कमी आणि तिजोरीला भोक, असा हा समुद्र. पूर्वेकडच्या भागात तर अवस्था आणखी बिकट. तिथल्या खोल पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेटचं प्रमाण २८:१ च्या आसपास आहे. रेडफिल्डच्या हिशोबाने १६ हवं. म्हणजे नायट्रोजनच्या मानाने फॉस्फरस फारच तोकडा. या आकड्यावरून कोणीही म्हणेल, इथे फॉस्फरस टाका आणि शेवाळ फोफावताना बघा.

तर मे २००२ मध्ये मायकल क्रॉम आणि बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी नेमकं तेच करून पाहिलं. प्रकल्पाचं नाव सायक्लॉप्स. सायप्रसच्या दक्षिणेला पाण्याचा एक मोठा भोवरा असतो, त्यातलं पाणी बराच काळ एकत्र राहतं. त्या भोवऱ्याच्या मधल्या भागात, साधारण १६ चौरस किलोमीटरच्या तुकड्यात, त्यांनी फॉस्फेट सोडलं. तिथला मूळ फॉस्फेट इतका कमी की नेहमीच्या पद्धतीने मोजताही येत नाही. सोडल्यावर तो लिटरमागे ११० नॅनोमोलच्या आसपास गेला. सोबत सल्फर हेक्झाफ्लुओराइड हा वायू मिसळला, म्हणजे पाणी कुठेही सरकलं तरी 'आपला तुकडा' ओळखता यावा. आणि मग जहाजांवरून त्या तुकड्याच्या मागे मागे फिरत मोजमाप.

निकाल काय लागला? क्लोरोफिल वाढलं नाही. उलट कमी झालं. जीवाणूंची वाढ मात्र वाढली. आणि ज्यांचा फॉस्फेटशी थेट काहीच संबंध नाही त्या कोपेपॉडांची, म्हणजे झिंग्याच्या दूरच्या नात्यातल्या सूक्ष्म प्राण्यांची, अंडी पाण्यात जास्त सापडू लागली.

हा निकाल बघून डोकं खाजवावं लागतं. शेताला खत घातलं, पीक खाली बसलं, आणि गोठ्यातल्या गाईला दूध वाढलं, असं काहीसं.

थिंगस्टाड आणि सहकाऱ्यांनी या निकालाचे दोन संभाव्य अर्थ दिले. त्यांनी दिलेली नावं एखाद्या घाटरस्त्याला शोभतील अशी आहेत: बायपास आणि बोगदा. बायपास म्हणजे, शेवाळाला एकट्या फॉस्फेटचा उपयोग नव्हता, कारण त्याला नायट्रोजनही कमी पडत होता. जीवाणूंना फक्त फॉस्फरस हवा होता, तो त्यांनी उचलला. जीवाणूंना छोट्या भक्षकांनी खाल्लं, त्या भक्षकांना कोपेपॉडांनी. अशा रीतीने शेवाळाला बाजूला ठेवून फॉस्फरस वर पोचला. बोगदा म्हणजे, पेशींनी गरज नसतानाही फॉस्फरस साठवून घेतला. पेशींची संख्या तेवढीच, पण प्रत्येक पेशी फॉस्फरसने सकस झाली. कोपेपॉड तेवढ्याच पेशी खातायत, पण आता जेवण चांगलं आहे, म्हणून अंडी वाढली. वरून बघणाऱ्याला काहीच हललेलं दिसत नाही, आणि खालून गाडी निघून गेलेली असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या असतील, असंही लेखक म्हणतात.

मला या पेपरात आवडणारी गोष्ट ही की यात 'फॉस्फरस कमी आहे का' हा प्रश्नच मोडून पडतो. एकाच थेंबातल्या दोन शेजाऱ्यांची टंचाई वेगवेगळी निघते. जीवाणूला फॉस्फरस कमी, शेवाळाला फॉस्फरस आणि नायट्रोजन दोन्ही कमी. मग 'समुद्र फॉस्फरस-लिमिटेड आहे' या वाक्याला आधार म्हणून हाच पेपर कसा काय दिला जातो? मी दिला होता, म्हणून सांगते: सारांशाच्या पहिल्या ओळीत हा समुद्र फॉस्फरसचा भुकेला असल्याचं येतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. त्या भुकेचं स्वरूप तपासायलाच हे लोक समुद्रात गेले होते, ही गोष्ट तिथेच गळून पडते. दुसरी एक गोष्टही गळते. कोपेपॉडांपर्यंत फॉस्फरस या वाटांनी गेला 'असावा', असं लेखक म्हणतात. पुढच्या पेपरांमध्ये तो त्या वाटांनी 'गेला'. शक्यता सांगणारा एक शब्द जाता जाता नाहीसा होतो आणि अंदाजाचं ज्ञान होतं.

या चुकीचं मूळ मला शेतात दिसतं. 'लिमिटिंग न्यूट्रिअंट' ही कल्पना शेतीतून आली. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या लिबिगने ती लोकप्रिय केली: जे सगळ्यात कमी, ते पिकाचं उत्पन्न ठरवतं. आपल्याकडच्या माती परीक्षणाच्या कागदावर नत्र, स्फुरद, पालाश असे रकाने असतात, स्फुरद कमी आलं की डीएपी टाका. शेतात हे बऱ्यापैकी चालतं, कारण तिथे पीक एकच असतं आणि बाकी सगळ्याला आपण तण म्हणून उपटून टाकतो. समुद्रात पीक कोणतं आणि तण कोणतं? शिवाय इथे पीक तणाला खातं, तण पिकाचं खत पळवतं, आणि दोघांना खाणारा तिसराच असतो. असं असूनही आम्ही शेतातला कागद घेऊन समुद्रावर जातो आणि रकाने भरत बसतो.

'उपलब्धता' या शब्दातही अशीच गडबड आहे. पाण्यात असणं आणि मिळणं या दोन गोष्टी आहेत. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरमागे सुमारे २८ मिलिमोल असतं, म्हणजे अक्षरशः नको इतकं. तरी समुद्रात सर्वाधिक संख्येने सापडणाऱ्या एसएआर-११ गटातल्या ज्या जीवाणूंचा नीट अभ्यास झालाय, त्यांना ते सल्फेट पचवता येत नाही. त्यासाठी लागणारे जनुकच त्यांच्याकडे नाहीत, म्हणून शेवाळांनी बनवलेल्या सेंद्रिय गंधकावर ते अवलंबून असतात. फॉस्फरसचंही तसंच. मोकळा फॉस्फेट संपला तरी सेंद्रिय रेणूंत अडकलेला फॉस्फरस शिल्लक असतो, पण तो सोडवायला फॉस्फेटेज हे एन्झाइम लागतं, आणि त्या एन्झाइमच्या एका प्रकाराला जस्त लागतं, दुसऱ्याला लोह आणि कॅल्शियम. म्हणजे फॉस्फरस मिळणार की नाही हे जस्तावर अवलंबून! पाण्याच्या नमुन्यात फॉस्फेटचा आकडा बघून जीवाणूची भूक ओळखणं म्हणजे दुकानाच्या बाहेरून माल बघून घरात काय शिजलं हे सांगणं.

हे झालं पेपर वापरणाऱ्यांबद्दल. आता खुद्द पेपरबद्दल.

क्लोरोफिल कमी झालं, हे सगळ्यात धक्कादायक म्हणून पुढे येतं. पण क्लोरोफिल म्हणजे शेवाळाची संख्या नव्हे, वजनही नव्हे. क्लोरोफिलच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे चार अणू असतात. नायट्रोजनची टंचाई असलेली पेशी क्लोरोफिलवर काटकसर करते. मग पेशी तेवढ्याच राहून प्रत्येकीतलं क्लोरोफिल घटलं, की पेशीच कोणी खाल्ल्या? दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा आहे. चार पानांत सगळं मावत नाही हे मान्य, आणि याच प्रयोगावर 'डीप-सी रिसर्च'मध्ये अख्खा विशेषांक निघाला हेही खरं. पण गाजलेला पेपर चार पानांचाच, आणि त्यात 'क्लोरोफिल घटलं' हे वाक्य स्वतःच निकाल असल्यासारखं उभं राहतं.

अंड्यांचंही तसंच. पाण्यात अंडी जास्त दिसली. याचा अर्थ माद्यांनी जास्त घातली, असा आपण लगेच लावतो. पण कोपेपॉड आपली आणि इतरांची अंडी खातातही. त्यांना दुसरं चांगलं खायला मिळालं आणि अंडी वाचली, तरी मोजणीत तोच आकडा येईल. बोगद्याची कल्पना मुख्यतः या अंड्यांवर उभी आहे, म्हणून हा फरक मला किरकोळ वाटत नाही.

माझा खरा अडसर जीवाणूंच्या आकड्यापाशी आहे, कारण माझं सगळं काम त्याच आकड्यावर चालतं. जीवाणूंची वाढ मोजायची आमची रूढ पद्धत अशी: पाण्यात किरणोत्सारी ल्युसीन घालायचं, तास-दोन तास थांबायचं, आणि जीवाणूंनी प्रथिनं बनवताना त्यातलं किती उचललं ते मोजायचं. मग एका ठरावीक गुणकाने गुणून त्याचा कार्बन करायचा. पुस्तकी गुणक ल्युसीनच्या एका मोलला दीड किलो कार्बन असा आहे. पण गरीब, पोषकद्रव्यं नसलेल्या पाण्यात हा गुणक प्रत्यक्ष काढला तर अनेकदा तो बराच कमी भरतो. उपाशी पेशी ल्युसीन उचलते, पण त्यातून नवी पेशी उभी करण्याऐवजी नुसती डागडुजी करते, किंवा जाळून टाकते. आता विचार करा. ज्या पाण्यात आपण अचानक फॉस्फेट ओतलं, तिथल्या पेशी काही तासांत उपाशी अवस्थेतून भरल्या पोटी येतात. त्या काळात हा गुणक स्थिर राहिला असेल? आणि तो सरकला असेल, तर 'वाढ अमुक पट झाली' यातलं वाढीचं किती आणि गुणकाचं किती? जीवाणूंची हालचाल वाढली, याबद्दल मला शंका नाही. पण हालचाल, वाढ आणि संख्या हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि आमच्या पेपरांमध्ये ते एकमेकांचे कपडे घालून फिरतात. हालचाल दुप्पट होऊनही संख्या तेवढीच राहू शकते, कारण वाढलेलं सगळं भक्षक खाऊन टाकतात. संख्या मोजणारा म्हणेल काही झालं नाही. हालचाल मोजणारा म्हणेल क्रांती झाली.

आणि तुकडा एकच होता. बाहेरचं पाणी हाच कंट्रोल. समुद्रात दहा भोवऱ्यांवर हा प्रयोग करायला पैसा कोण देणार, हे मलाही कळतं. पण बाटलीतल्या प्रयोगात तीन प्रती नसल्या तर रिव्ह्यूअर पेपर परत पाठवतो, आणि समुद्रात एकच प्रत असली तर तिला ऐतिहासिक म्हणतो, याची गंमत वाटते.

बाटलीचा विषय निघालाच आहे, तर माझी भूमिका इथे जरा अडचणीची आहे. मी बाटलीवाली आहे. किनाऱ्याजवळचं पाणी आणायचं, बाटल्यांत भरायचं, एकीत नायट्रेट, एकीत फॉस्फेट, एकीत ग्लुकोज, एकीत काहीच नाही, आणि दोन दिवसांनी बघायचं कोणती फुगली. ज्या बाटलीत वाढ झाली, त्या पोषकद्रव्याची टंचाई होती असं लिहायचं. पहिल्याच फेरीत माझ्या 'काहीच नाही' बाटलीतले जीवाणू जवळजवळ ग्लुकोजवाल्या बाटलीएवढे वाढले. मला वाटलं बाटल्या नीट धुतल्या नाहीत. परत केलं, परत तेच. मग कोणीतरी १९३६ चा झोबेल आणि अँडरसन यांचा पेपर वाचायला सांगितला. साठवून ठेवलेल्या समुद्राच्या पाण्यात जीवाणू आपोआप वाढतात, आणि बाटली जितकी लहान तितके जास्त, हे त्यांनी तेव्हाच दाखवलंय. बाटलीची भिंत, त्या भिंतीवर चिकटणारं अन्न, गाळताना बाहेर राहिलेले भक्षक, फुटलेल्या पेशींतून निघालेला रस, सगळं मिळून बाटलीत एक वेगळाच समुद्र तयार होतो. वाढतात तेही वेगळेच. उत्तर समुद्राच्या पाण्यावर २००० साली झालेल्या एका अभ्यासात मूळ पाण्यात जेमतेम दिसणारे जीवाणू अन्न मिळाल्यावर बघता बघता बहुसंख्य झाले होते. म्हणजे बाटली आपल्याला सांगते की दार उघडल्यावर सगळ्यात आधी कोण धावतं. घरात एरवी कोण राहतं, ते ती सांगत नाही.

तर मग सायक्लॉप्ससारखं समुद्रात जाणं श्रेष्ठ आणि बाटली भंपक? मीही काही दिवस असंच म्हणत फिरत होते. पण विशेषांकातला तामार झोहरी आणि सहकाऱ्यांचा पेपर वाचला आणि गप्प झाले. शेवाळाला नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही कमी, जीवाणूंना फक्त फॉस्फरस, हा जो सगळ्या स्पष्टीकरणाचा कणा आहे, तो भक्कम केला बाटल्यांनीच. त्याच पाण्याच्या बाटल्यांत नुसता फॉस्फेट, नुसता नायट्रोजन आणि दोन्ही एकत्र, असं घालून त्यांनी तपासलं होतं. समुद्राच्या तुकड्यात फॉस्फेट एकटंच पडलं, त्यामुळे 'नायट्रोजनही घातला असता तर' हे तिथे विचारताच आलं नसतं. समुद्राने कोडं घातलं आणि सोडवायला बाटली लागली. माझी तक्रार त्यामुळे आता बाटलीबद्दल राहिलेली नाही. एका बाटलीच्या उत्तरावर अख्ख्या समुद्राचं नाव लिहिण्याबद्दल आहे.

तुम्ही म्हणाल, शब्दांवरून एवढं काय? कोणाला कमी आणि कशाने कमी, ते तज्ज्ञांनी बघावं. पण यात कार्बनचा हिशोब आहे. थिंगस्टाड आणि दोघा सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रश्न मांडला होता: समुद्राच्या वरच्या थरात उन्हाळ्यात खाण्याजोगा सेंद्रिय कार्बन साठत जातो, मग जीवाणू तो खात का नाहीत? त्यांचं उत्तर असं की जीवाणूंना फॉस्फरस कमी पडतो आणि जे काही वाढतात ते भक्षक खातात, त्यामुळे ताटात भात आहे आणि हात बांधलेले आहेत. हे बरोबर असेल तर फॉस्फरस आल्यावर जीवाणू तो साठलेला कार्बन खाऊन श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडतील. म्हणजे खत घातल्याने समुद्राने कार्बन शोषायच्या ऐवजी उलट सोडलाही असता. फॉस्फेट शेवाळाकडे जातो की जीवाणूकडे, यावर बेरीज की वजाबाकी ते ठरतं.

आणि समुद्राला खत घालून हवेतला कार्बन बुडवायचा, ही काही कादंबरीतली कल्पना नाही. २००९ च्या सुरुवातीला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी 'पोलारस्टर्न' जहाजावरून दक्षिण महासागरात लोह टाकून पाहिलं होतं. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स, त्यातलं 'लोहा' आपल्याकडचंच. तिथे लोहाची टंचाई होती हे खरं, आणि शेवाळ वाढलंही. पण कवचवाल्या डायटमना लागणारं सिलिकेट तिथे नव्हतं, त्यामुळे वाढलं ते बिनकवचाचं छोटं शेवाळ. ते कोपेपॉडांनी खाऊन टाकलं, आणि खोल समुद्रात कार्बन फारसा गेलाच नाही. 'इथे लोह कमी आहे' हे वाक्य चूक नव्हतं. त्यावरून 'लोह टाकलं की कार्बन बुडेल' इथे जी उडी मारली जाते, ती चूक होती. आज हे प्रस्ताव पुन्हा येतायत, आता कंपन्यांकडून, आणि त्यांच्या माहितीपत्रकांना आमच्या पेपरांमधली अशीच तुटक वाक्यं लागतात.

आपल्या अरबी समुद्राचं काय, असं कोणी ना कोणी विचारेलच. भूमध्य समुद्राचा निकाल उचलून इथे आणता येत नाही. इथे उलटं आहे. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत ऑक्सिजन जवळजवळ संपलेला एक जाड थर आहे, तिथले जीवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. त्यामुळे इथे रेडफिल्डच्या मानाने नायट्रोजन तोकडा पडतो, फॉस्फरस नाही. म्हणजे इथे जीवाणू स्वतःच स्वतःच्या टंचाईचं स्वरूप ठरवतात. पण त्यावर वेगळं लिहावं लागेल, आणि त्यासाठी माझ्या बाटल्यांनी आधी नीट वागायला हवं.

रिपोर्टमधलं ते वाक्य मात्र मी बदललंय. आता ते असं आहे: "मे २००२ मध्ये सायप्रसजवळच्या भोवऱ्यातील वरच्या थरात जीवाणूंच्या ल्युसीन-ग्रहणाला फॉस्फेटची, तर शेवाळाच्या वाढीला फॉस्फेट आणि नायट्रोजन दोन्हींची टंचाई असल्याचे बाटलीतील प्रयोगांवरून दिसते, खुल्या पाण्यातील प्रयोग याच्याशी सुसंगत आहे." गाईडनी शेजारी पेन्सिलने लिहिलंय, 'फार लांब'. आणि 'ल्युसीन-ग्रहण' या शब्दाखाली रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलंय: त्यांनी ल्युसीनच वापरलं होतं ना, तपासलंस का?

तपासतेय.